क्वार्टरमध्ये काय आहे, एवढं तरी सांगा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नवतपा सुरू व्हायला काही दिवस होते, पण नागपूरच्या उन्हाला कॅलेंडर कुठे कळतं! रात्रीचे दहा वाजले तरी मनीषनगरच्या आमच्या गच्चीची फरशी तव्यासारखी तापलेली होती. आम्ही पाच जण. चार पिणारे आणि एक न पिणारा. न पिणाऱ्याला मुद्दाम बोलावलं होतं, कारण ओतायचं काम त्याच्याकडे होतं.

चार ग्लास. प्रत्येकाच्या बुडाला मार्करने नंबर. एकात कॉलेजात असताना आम्ही काँट्रीब्युशन काढून आणायचो ती व्हिस्की. दुसऱ्यात तिच्यापेक्षा बरीच महाग, लग्नाच्या हॉलमागे गाडीच्या डिकीत ठेवतात ती. तिसऱ्यात स्कॉटलंडहून पिंपात येऊन इथे बाटलीत भरली जाणारी स्कॉच. चौथ्यात जिम बीम, म्हणजे केंटकीची बर्बन. प्रत्येकी वीस मिली, सोबत साधं पाणी. सोडा नाही, कोला नाही, बर्फ नाही. चखणा नंतर.

निकाल असा लागला. चौघांपैकी तिघांनी पहिलीला दुसरीपेक्षा जास्त मार्क दिले. मग ग्लासांचा क्रम बदलून परत दिले, तर पहिली कोणती आणि दुसरी कोणती हे एकालाही सांगता आलं नाही. मलासुद्धा नाही. बर्बन मात्र सगळ्यांना वेगळी कळली. दोघांना आवडली, दोघांनी तोंड वाकडं केलं, पण वेगळी कळली.

आमच्यातला एक गेली पाच वर्षं सांगत आलाय, की तो फक्त दुसरीच घेतो, कारण पहिलीने त्याचं डोकं दुखते. त्याने नंबर बघितला आणि म्हणाला, "काही खरं नाही बे, तू बाटल्या बदलवल्या."

बाटल्या बदलवल्या नव्हत्या. चार जणांच्या चाचणीवरून जगाला सिद्धांत सांगता येत नाही, हे मला इंजिनीअर म्हणून कळतं. पण त्या रात्री एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली. आपण व्हिस्की पीत नाही, आपण किंमत पितो. आणि यात दोष आपल्या जिभेचा कमी आहे. जिभेला तुलना करायला लागणारी माहितीच आपल्याला कोणी देत नाही.

बाटली फिरवून बघा

तुमच्या घरात असेल तर आत्ता बघा. नसेल तर मित्राच्या घरी बघा. मागच्या लेबलवर अल्कोहोलचं प्रमाण आहे, बहुतेक वेळा ४२.८ टक्के. बॅच नंबर आहे, परवाना क्रमांक आहे, किंमत आहे, आरोग्याचा इशारा आहे. काही बाटल्यांवर घटकांची एक ओळ असते: न्यूट्रल स्पिरिट, माल्ट, कॅरॅमल. पण त्यात माल्ट किती? दोन टक्के की वीस? स्पिरिट कशाचं, मळीचं की मक्याचं की तुकडा तांदळाचं? ते लाकडाच्या पिंपात राहिलं का, आणि राहिलं तर किती महिने? बहुतेक बाटल्या यावर गप्प असतात.

बिस्किटाचा पाच रुपयांचा पुडा यापेक्षा जास्त बोलतो.

हे प्रश्न हौशी माणसाचे लाड नाहीत. व्हिस्की म्हणजे काय, याचं उत्तरच त्यात आहे. धान्य आंबवायचं, ते ऊर्ध्वपातन करून काढायचं, पण इतकं शुद्ध करायचं नाही की धान्याची चवच निघून जाईल, आणि मग लाकडात मुरवायचं. बर्बनचा नियम बघा. किमान ५१ टक्के मका. भट्टीतून निघताना अल्कोहोल ८० टक्क्यांच्या वर नको. पिंपात घालताना ६२.५ च्या वर नको. पिंप ओकचं, नवीन आणि आतून जाळलेलं. बाटलीत किमान ४० टक्के. वरून रंग घालायचा नाही, वास घालायचा नाही. म्हणून ती गच्चीवर सगळ्यांना वेगळी कळली. तिच्यात भाजलेल्या कणसाचा वास होता, नव्या फर्निचरचा होता, व्हॅनिला आईस्क्रीमचा होता.

आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीचा पाया असतो एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल. नावातच सगळं आलं. न्यूट्रल. उंच कॉलममधून ९६ टक्क्यांपर्यंत नेलेलं स्पिरिट. तिथे मळी आणि मका यांच्यातला फरक जवळपास पुसला जातो. मग त्यात थोडं माल्ट, रंगाला कॅरॅमल, कधी वासाला काही, आणि पाणी. मळीपासून बनलेल्या अशा पेयाला युरोपियन युनियनमध्ये व्हिस्की या नावाने विकताच येत नाही, कारण तिथल्या नियमात धान्य लागतं आणि किमान तीन वर्षं लाकूड लागतं. आपण या प्रकाराला सरकारी भाषेत 'भारतीय बनावटीचं विदेशी मद्य' म्हणतो. चार शब्दांत एवढा गोंधळ दुसऱ्या कुठल्या सरकारी संज्ञेत सापडला तर मला सांगा.

इथे एक घाईचा निष्कर्ष निघू शकतो, तो मला काढायचा नाही: भारतीय म्हणजे हलकी. साफ चूक. बंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली. गोव्याची पॉल जॉन, हरियाणाची इंद्री, यांनी बाहेरच्या लोकांना मान वळवायला लावली. आपल्या उन्हात पिंपातली व्हिस्की वेगाने मुरते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण दोन टक्के उडून जाते, बंगळुरूत दहा ते बारा. म्हणजे आपली चार वर्षं त्यांच्या चार वर्षांसारखी नसतात. आपल्याला करता येतं. प्रश्न आहे तो क्वार्टर घेणाऱ्या माणसाला खरं सांगायचं की नाही, हा.

न्यूट्रल स्पिरिटची व्हिस्की प्यायला माझी हरकत नाही. मी पितो. गच्चीवर मीच तिला मार्क दिले. माझी हरकत दुप्पट पैसे घेऊन तीच गोष्ट वेगळी असल्यासारखी दाखवण्याला आहे. किंवा खरंच वेगळी असेल, तर किती वेगळी ते न सांगण्याला आहे.

अमेरिकेतही आपल्यासारखंच होतं

बर्बनचं कौतुक करणाऱ्या मंडळींना वाटतं, की केंटकीचे लोक जन्मतःच प्रामाणिक. तसं काही नव्हतं. एकोणिसाव्या शतकात तिथेही न्यूट्रल स्पिरिटमध्ये रंग आणि अर्क ओतून जुनी व्हिस्की म्हणून विकणाऱ्यांची चलती होती. त्यातून १८९७ मध्ये 'बॉटल्ड इन बाँड' कायदा आला. एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामाची, किमान चार वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात मुरलेली आणि ५० टक्के अल्कोहोलची असेल, तरच बाटलीवर तो शिक्का. तरी भांडण मिटलं नाही. व्हिस्की कशाला म्हणायचं, हा वाद थेट राष्ट्राध्यक्षापर्यंत गेला आणि १९०९ मध्ये टाफ्ट यांनी निवाडा दिला. धान्याच्या न्यूट्रल स्पिरिटलाही व्हिस्की म्हणा, हरकत नाही, पण ती कोणत्या प्रकारची आहे ते लेबलवर लिहा.

मला हा निवाडा फार आवडतो. त्यात कोणाचा धंदा बंद केला नाही. फक्त लिहायला लावलं. आज अमेरिकेत स्वस्त बर्बन घेणारा ड्रायव्हर आणि महाग घेणारा वकील, दोघांच्या बाटलीवर 'स्ट्रेट' हा शब्द असेल तर दोघांनाही कळतं की ती किमान दोन वर्षं पिंपात होती. लेबल दोघांशी सारखं बोलतं.

आता आपल्याकडे आयातशुल्क कमी होतंय. बर्बनवरचं १५० वरून १०० टक्क्यांवर आलं, फेब्रुवारी २०२५ मध्ये. ब्रिटनशी त्याच वर्षी जुलैमध्ये करार झाला, त्यात स्कॉचचं शुल्क टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत उतरायचं आहे. म्हणजे वाइन शॉपच्या फळीवर नियम पाळून आलेली बाटली आणि मोघम बाटली आणखी जवळजवळ येणार. तेव्हा तरी विचारायला शिकू या.

आरोग्य राखण्यासाठी

पण विचारायचं कोणाला? सरकारला? सरकारचा स्वतःचाच कागद बघा.

महाराष्ट्रात आजही १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. मुंबई राज्याचा तो कायदा. त्यानुसार दारू प्यायला परवाना लागतो. म्हणून तर 'परमिट रूम'. देशीचा एक दिवसाचा परवाना दोन रुपये, विदेशीचा पाच, वर्षाचा शंभर, आयुष्यभराचा हजार. बिअरला वय २१, कडक मद्याला २५. मी पंचविसावा वाढदिवस झाल्यावर आजीवन परवाना काढला. मित्र अजून हसतात. तर या परवान्यामागची कायदेशीर भूमिका अशी, की या माणसाला आरोग्य राखण्यासाठी मद्याची गरज आहे. आणि त्याच परवान्यावर घेतलेल्या बाटलीवर छापलेलं असतं, की मद्यसेवन आरोग्यास हानिकारक आहे.

दोन्हीखाली एकाच राज्याची मान्यता. यातलं खरं कोणतं, ते तुम्हाला-मला माहीत आहे. पण ज्या व्यवस्थेला पिणाऱ्याशी सरळ बोलायचंच नाही, ती त्याला माल्टचं प्रमाण कशाला सांगेल?

जून २०२५ मध्ये राज्य सरकारने उत्पादन शुल्क वाढवलं. विदेशी मद्यावर उत्पादन खर्चाच्या तिप्पट होतं, ते साडेचारपट झालं. १८० मिलीच्या क्वार्टरची किमान किंमत ठरली: देशी ८० रुपये, नव्याने काढलेली 'महाराष्ट्र मेड लिकर' १४८, भारतीय बनावटीची विदेशी २०५, प्रीमियम विदेशी ३६०. चार पायऱ्या. पायरीवर उभं राहिल्यावर माणसाला वाटतं की आपण चव चढतोय. प्रत्यक्षात आपण मोठ्या प्रमाणात कर चढत असतो.

या निर्णयातली एक ओळ मात्र मला उपयोगी पडली. महाराष्ट्र मेड लिकर ही धान्याचीच असली पाहिजे, अशी अट आहे. म्हणजे सरकारला 'कशापासून' हा प्रश्न विचारता येतो. महसुलासाठी, उद्योगासाठी विचारता येतो. मग पिणाऱ्यासाठी का नाही?

गडचिरोलीचं फूल

आता सगळ्यात दुखऱ्या जागेवर येतो.

मार्च-एप्रिलमध्ये भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या जंगलात पहाटे मोह टपकतो. गोंड घरांतली बायामाणसं टोपल्या घेऊन फुलं वेचतात, अंगणात वाळवतात. ते फूल खाण्यात असतं, औषधात असतं, पूजेत असतं आणि त्याची दारूही गाळली जाते. मोहफुलात साखर आपोआप असते, त्यामुळे माल्टिंगची गरज नाही. आंबवा आणि गाळा. व्हिस्कीच्या जगात ज्याला 'तिथल्या मातीचं' म्हणून लोक मोठे पैसे देतात, ते हेच. आणि आपल्याकडे ही बातमी कशी येते? 'हातभट्टीवर धाड, मोहसडवा नष्ट.' दर आठवड्याला कुठल्यातरी पेपरात, आतल्या पानावर.

गोव्याने काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिलं. मध्य प्रदेशने २०२२ मध्ये मोहाच्या दारूला हेरिटेज मद्य म्हणून वाट दिली. नागपूरहून मध्य प्रदेशची हद्द दीड-दोन तासांवर आहे. त्या हद्दीपलीकडे जे वारसा आहे, ते अलीकडे गुन्हा आहे. फूल तेच, झाड तेच. आमच्याकडे फुलांच्या साठवणुकीवरचे निर्बंध २०२१ मध्ये सैल केले. फूल ठेवा, पण त्याचं पुढे काय करायचं ते विचारू नका.

म्हणजे हिशेब असा झाला: न्यूट्रल स्पिरिटमध्ये कॅरॅमल घालून इंग्रजी नाव दिलं की ती विदेशी व्हिस्की, प्रतिष्ठित. जंगलातल्या फुलापासून गाळली की हातभट्टी. आणि आमच्या नागपूरचा संत्रा? तो देशी दारूच्या बाटलीवर आहे. 'संत्रा' हे देशीच्या चवीचं नाव. त्या संत्र्याचा काटोलच्या बागेशी काय संबंध, हेही लेबलवरून कळत नाही.

आईचा प्रश्न

इथपर्यंत लिहिलेलं सगळं मी आत्मविश्वासाने बोलू शकतो. पुढचं नाही.

माझी एक वही आहे. प्रत्येक व्हिस्कीची नोंद: वास, चव, मागे राहणारी चव, किंमत. परदेशी परीक्षकांची 'हीदर' आणि 'ख्रिसमस केक' ही भाषा मला जमत नाही. माझ्या वहीत काकवी आहे, संत्र्याची वाळलेली साल आहे, कूलरच्या पहिल्या पाण्याने भिजलेल्या खसच्या ताट्यांचा वास आहे. मागच्या दिवाळीत ती वही आईच्या हाती लागली. तिने शांतपणे चार-पाच पानं वाचली आणि म्हणाली, "तुझ्या वहीत साऱ्या बाटल्यांची चव लिहून आहे. माझ्या भावाची कुठे आहे?"

माझा मामा काटोल तालुक्यात संत्र्याच्या हंगामात गाड्या भरायचा. दिवसा संत्रा उचलायचा, रात्री संत्रा प्यायचा. घरात हा विनोद होता, तो असताना. लिव्हर गेलं आणि २०१६ मध्ये तो गेला. चव्वेचाळिसाव्या वर्षी. त्याला कोणी विचारलं नसेल की आज कोणता वास आला. त्याला चढायला हवी होती, पाठ दुखायची म्हणून, झोप यायची नाही म्हणून.

आईच्या प्रश्नाला लेबल हे उत्तर नाही, हे मला मान्य आहे. मामाच्या बाटलीवर सगळे घटक छापले असते तरी तो गेलाच असता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय, की मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. माझे वीस मिलीही त्यात आले. 'मी चवीसाठी पितो' हे वाक्य कितीतरी व्यसनी माणसांनी माझ्याआधी म्हटलंय. म्हणून मी त्या वहीत आता एक रकाना वाढवलाय: तारीख आणि एकूण मिली. तो रकाना आईला कधीही बघता येतो. गेल्या काही महिन्यांत मला तो दोनदा लपवावासा वाटला. म्हणजे त्याची गरज होती.

मग काही जण म्हणतात, बंदच करा ना सगळं. शेजारी वर्धा आहे, गांधीजींच्या सेवाग्राममुळे १९७४ पासून कोरडा. गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली. या बंदीवर नागपूरच्या परमिट रूममध्ये बसून विनोद करणाऱ्यांचा मला राग येतो. गडचिरोलीच्या बायांनी ती मागितली, लढून मागितली, कारण मार त्यांना बसत होता. त्यांना खिजवायचा अधिकार मला नाही. पण जिथे राज्य स्वतः परवाना देऊन दारू विकू देतं, त्यातून महसूल घेतं, तिथे बंदीचा वाद चालू आहे म्हणून माहितीही द्यायची नाही, हे कोणतं नीतिशास्त्र? सिगारेटच्या पाकिटावर आपण फोटो छापले. सिगारेट चांगली म्हणून नाही छापले.

आणि "गरीब माणसाला लेबल काय करायचं" हा प्रश्न विचारणाऱ्यांना एवढंच: मालाडच्या मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. मिथेनॉल चवीने ओळखता येत नाही, वासानेही नाही. ती माणसं मूर्ख नव्हती. ग्लासात काय आहे ते कळायचा कोणताच मार्ग त्यांच्याकडे नव्हता. बेकायदा भट्टीवर लेबल लागणार नाही, हे मलाही कळतं. पण 'ग्लासात काय आहे हे विचारायचं नसतं' ही सवय त्यांना कोणी लावली? अधिकृत दुकानानेच आधी लावली.

चार ओळी

तर मागणी फार मोठी नाही. बाटलीच्या मागे चार ओळी, मराठीत, वाचता येतील एवढ्या अक्षरात. स्पिरिट कशाचं. माल्ट किंवा धान्याची व्हिस्की किती टक्के. लाकडात किती काळ. रंग आणि वास वरून घातला का. देशीपासून प्रीमियमपर्यंत सगळ्यांना सारखं. आणि मोहाच्या दारूला कायद्याच्या आत येऊन, तपासणी करून घेऊन, स्वतःच्या नावाने उभं राहायचा एक रस्ता, ज्याची मालकी फुलं वेचणाऱ्यांकडे राहील.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. पुढच्या वेळी बसाल तेव्हा ग्लासांच्या बुडाला नंबर घाला. न पिणाऱ्या मित्राला ओतायला सांगा, त्यालाच गाडीची किल्ली द्या. थोडं घ्या, साध्या पाण्यासोबत घ्या, आणि जे खरं वाटलं ते लिहा. बहुतेक तुमचा महागडा ब्रँड हरेल. आमचा तो मित्र अजूनही दुसरीच घेतो. पण परवा वाइन शॉपच्या काउंटरवर त्याने बाटली उलटी करून मागचं लेबल वाचलं आणि दुकानदाराला विचारलं, "भाऊ, यात माल्ट किती हाय?"

दुकानदार म्हणाला, "घ्यायची का नाही ते सांगा. मागे लाइन आहे."